सीपॅपचा मास्क सोसत नाही? आधी त्याचा इतिहास वाचा

"डॉक्टर, मशीन चांगलं आहे हो, पण तो मास्क काही जमत नाही." स्लीप अ‍ॅप्नियाचे रुग्ण हे वाक्य हमखास बोलतात. मशीन पंधरा दिवस वापरलं जातं. मग गावाला लग्नाला जाताना ते घरीच राहतं, आणि परत आल्यावर कपाटावर जाऊन बसतं. घोरणं पुन्हा सुरू होतं, दिवसा पेंग येऊ लागते, आणि घरातले म्हणतात, "एवढे पैसे वाया गेले."

आज या मशीनचा आणि त्याच्या मास्कचा इतिहास सांगायचा आहे. झोपेत घसा उघडा ठेवणारी हवा पहिल्याच रात्री काम करून गेली. ती हवा नाकापर्यंत नेणारा मास्क माणसाला सोसेल असा करायला मात्र पुढची अनेक वर्षं लागली. मास्क टोचतो, गळतो, गुदमरवतो, या तुमच्या तक्रारी नव्या नाहीत. त्यातल्या जवळपास प्रत्येकीवर कुणीतरी, कुठेतरी उपाय शोधून ठेवला आहे.

कुंभकर्ण, जो आणि पत्त्यांचा डाव

आपल्याकडे जास्त झोपणाऱ्याला कुंभकर्ण म्हणतात आणि मोठ्याने घोरणाऱ्याला 'गाढ झोपलाय बघा' म्हणून सोडून देतात. जगभर हेच चाललं होतं. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो काम करता करता, उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. वाचक त्याला हसले. त्याला काही आजार असेल, असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

१९५६ साली अमेरिकेतल्या बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत छापली. हे गृहस्थ ५१ वर्षांचे, वजनदार, मोठ्या हुद्द्यावरचे. पत्त्यांच्या डावात हातात तीन एक्के आणि दोन राजे असताना, म्हणजे जिंकायची वेळ आलेली असताना, त्यांना डुलकी लागली आणि डाव हातचा गेला. तेव्हा कुठे ते दवाखान्यात दाखल झाले. बरवेल यांनी या आजाराला डिकन्सच्या कादंबरीवरून 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटलं. पेंग कशामुळे येते याचं त्यांचं उत्तर होतं रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड. रात्रभर रुग्णाजवळ बसून तो झोपेत श्वास कसा घेतो, हे अजून पाहिलं गेलं नव्हतं.

ते पाहिलं गेलं १९६५ साली. फ्रान्समधल्या मार्सेय इथे गॅस्टॉ आणि त्यांचे सहकारी, आणि जर्मनीत युंग आणि कूलो, यांनी स्वतंत्रपणे झोपेतल्या रुग्णांच्या मेंदूच्या लहरी आणि श्वास एकाच वेळी नोंदवले. कागदावर दिसलं ते धक्कादायक होतं. हा माणूस गाढ झोपतच नव्हता. त्याचा श्वास रात्रभर पुन्हा पुन्हा थांबत होता, आणि तो सुरू करण्यासाठी मेंदू दर वेळी त्याला अर्धवट जागं करत होता. १९७६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गिलमिनो आणि डिमेंट यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. 'स्लीप अ‍ॅप्निया' हे नाव रुळलं. 'अ‍ॅप्निया' हा ग्रीक शब्द, अर्थ 'श्वासाविना'.

घशात नेमकं काय होतं?

श्वास आत घेताना छाती फुगते आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. म्हणून हवा आत ओढली जाते. शरीरातला हा 'कमी दाब' मोजण्याचं काम आपल्या मावळातही झालेलं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं, आणि त्या निर्वाताला आपले गुरू माधवदासजी यांचं नाव दिलं. शरीरातल्या दाबाविषयी नुसतं बोलायचं नाही, तो मोजायचा, ही दृष्टी त्यामागे होती. सीपॅपची सगळी गोष्ट अशाच मोजलेल्या दाबाची आहे.

नारळपाणी पिताना कागदी स्ट्रॉ भिजली असेल आणि तुम्ही जोरात ओढलंत, तर ती चपटी होऊन बंद होते. झोपेत घशाचं तसंच होतं. जागेपणी घशाचे स्नायू ही नळी ताठ ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. घसा मुळात अरुंद असेल, मानेत चरबी असेल, जबडा लहान असेल किंवा टॉन्सिल मोठे असतील, तर श्वास ओढताना नळी चिकटते. थोडी चिकटली तर घोरणं, पूर्ण बंद झाली तर अ‍ॅप्निया. श्वास किमान १० सेकंद थांबला की त्याची मोजणीत नोंद होते. तासाला अशा, किंवा श्वास अर्धवट अडल्याच्या, ५ हून जास्त घटना झाल्या तर आजार आहे असं धरतात. १५ पासून मध्यम आणि ३० पासून तीव्र. तीव्र आजारात रक्तातला ऑक्सिजन रात्रभर खाली-वर होत राहतो आणि रक्तदाब वाढतो. सकाळी डोकं जड होतं, आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो.

उपाय होता, पण गळ्याला भोक पाडून

कारण कळलं तेव्हा हाती एकच खात्रीचा उपाय होता, ट्रेकिऑस्टॉमी. घसा बंद होतो ना, मग घशाच्या खाली श्वासनळीला भोक पाडायचं. १९६९ साली कूलो आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांवर हा उपाय यशस्वी झाल्याचं छापलं. दिवसा ते भोक बुच लावून बंद ठेवायचं म्हणजे बोलता येतं, आणि रात्री उघडायचं. आजार थांबायचा, पण आयुष्यभर गळ्यात नळी, तिची रोजची सफाई, जंतुसंसर्गाची भीती, पोहणं बंद. मास्क नको वाटतो तेव्हा हे आठवून पाहा. १९८० पर्यंत तीव्र स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णासमोर खात्रीचा पर्याय होता तो हा.

उलटा फिरवलेला व्हॅक्यूम क्लीनर

नाकातोंडावाटे दाबाने हवा देण्याची कल्पना मात्र जुनी होती. १९३६ साली लंडनमधल्या पोल्टन या डॉक्टरांनी, हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांना मास्कमधून दाबाची हवा दिली. हवा ढकलायला त्यांनी चक्क घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची मोटार वापरली. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी कमी दिवसांच्या बाळांची फुप्फुसं मिटू नयेत म्हणून सतत दाबाची हवा दिली. आज आपल्याकडच्या नवजात शिशू विभागांतही बाळांना 'सीपॅपवर ठेवलंय' असं ऐकू येतं, त्याचं मूळ तिथे आहे.

स्लीप अ‍ॅप्नियासाठी ही कल्पना वापरली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी. त्याआधी कॅनडात टोरांटोला त्यांनी झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासावर संशोधन केलं होतं. जून १९८० मध्ये त्यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याला ट्रेकिऑस्टॉमी सुचवलेली होती आणि ती त्याला टाळायची होती. सलिव्हन यांनी हवा ओढणारी मोटार उलटी जोडली, म्हणजे ती हवा ढकलू लागली, आणि नळीने ती हवा रुग्णाच्या नाकात सोडली. दाब हळूहळू वाढवल्यावर अडकणारा श्वास मोकळा झाला. दाब कमी केला की पुन्हा अडकायचा, वाढवला की पुन्हा मोकळा. एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव छापला. लागलेला दाब होता ४.५ ते १० सेंटिमीटर पाणी.

हा दाब किती? पाण्याच्या भांड्यात स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल बुडवून बुडबुडे काढून पाहा. त्याला लागते तेवढी फुंकर, म्हणजे १० सेंटिमीटर पाणी. आपल्यावरच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. एवढ्याशा फुंकरीने घशाची नळी आतून टेकू दिल्यासारखी उघडी राहते. इथे एक गैरसमज दूर करू. सीपॅप मशीन ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने पुढे ढकलतं.

पहिले मास्क चेहऱ्याला चिकटवायचे

मशीन जमलं, पण हवा गळू न देता नाकावर बसवायची कशी? सुरुवातीला प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा प्लॅस्टरने साचा घ्यायचे. त्यावरून फायबरग्लासचा मास्क बनवायचे. तो मास्क रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट द्रावाने चेहऱ्यावर चिकटवायचा आणि सकाळी ओढून काढायचा. मोटारीचा गोंगाट वेगळाच. तरीही काही रुग्ण हे घरी, रोज, वर्षानुवर्षं करत राहिले. कारण साधं होतं. कित्येक वर्षांनी त्यांना सकाळी ताजंतवानं वाटत होतं.

सगळ्यांना हे परवडणार किंवा सोसणार नव्हतं. इथून खरा प्रवास सुरू झाला. १९८५ साली अमेरिकेत रेस्पिरॉनिक्स कंपनीने बाजारात मशीन आणलं, आणि तयार, पट्ट्यांनी बांधायचे मास्क मिळू लागले. गोंद गेला. पण पट्टे आवळल्याशिवाय हवा थांबत नसे, आणि आवळले की नाकाच्या हाडावर व्रण पडत. १९८९ साली सलिव्हन यांचं संशोधन पुढे नेण्यासाठी ऑस्ट्रेलियात 'रेसकेअर' कंपनी निघाली, तीच पुढे 'रेसमेड' झाली. १९९१ च्या सुमारास त्यांचा 'बबल' मास्क आला. त्याची कडा सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्याची होती. मशीनचीच हवा तो पापुद्रा फुगवते आणि चेहऱ्याला हलकेच टेकवते. त्यामुळे पट्टे आवळण्याची गरज संपली.

आजचे बहुतेक मास्क याच तत्त्वावर आहेत, आणि बहुतेक रुग्ण नेमके इथेच चुकतात. हवा गळते म्हणून ते पट्टे आणखी आवळतात. पापुद्रा चेपला की तो फुगत नाही आणि गळती वाढते. मास्क गळू लागला तर आधी पट्टे थोडे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून क्षणभर उचला, हवा भरू द्या आणि परत टेकवा.

नव्वदच्या दशकात नाकपुड्यांना टेकणाऱ्या छोट्या उशा, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारे मास्क, हवा कोमट आणि दमट करणारे ह्युमिडिफायर, आणि गरजेप्रमाणे दाब आपोआप कमी-जास्त करणारी मशीनं रुळली. यातली प्रत्येक गोष्ट कुणा ना कुणा रुग्णाच्या तक्रारीचं उत्तर होती.

रुग्ण सांगतात ते आणि मीटर सांगतं ते

१९९३ साली अमेरिकेत क्रिब्ज आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या मशीनमध्ये, त्यांना न सांगता, वापर नोंदणारं यंत्र बसवलं. ६० टक्के रुग्ण म्हणाले, आम्ही रोज वापरतो. आठवड्यातल्या ७० टक्के दिवशी किमान चार तास, इतका नियमित वापर प्रत्यक्षात ४६ टक्क्यांचाच निघाला. आज मशीनच्या अहवालात डॉक्टर 'चार तास' शोधतात, ती मोजपट्टी या अभ्यासातली आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या अभ्यासात सात देशांतले, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ रुग्ण होते. सीपॅप दिलेल्या गटात हार्ट अ‍ॅटॅक आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. मात्र घोरणं आणि पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली. त्या गटाचा रोजचा सरासरी वापर होता फक्त ३.३ तास. अर्धी रात्र मास्कशिवाय गेली तर हृदयाला किती फायदा व्हायचा, हा प्रश्न त्यामुळे खुलाच राहिला. सीपॅप म्हणजे हार्ट अ‍ॅटॅकवरचा विमा, असं मी म्हणणार नाही. पण मास्क चेहऱ्यावर असेल तितकेच तास घसा उघडा राहतो, हे नक्की.

आपल्याकडे हा आजार किती?

'हे परदेशी लठ्ठ लोकांचं दुखणं' असा समज मुंबईतल्या एका अभ्यासाने मोडला. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या धडधाकट पुरुषांचा अभ्यास केला. ६५८ जणांनी प्रश्नावली भरली, २५० जणांची घरी रात्रभर झोपेची तपासणी झाली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेत श्वास अडत होता, आणि ७.५ टक्क्यांमध्ये त्यासोबत दिवसा पेंगही होती. म्हणजे साधारण तेरा पुरुषांमागे एक.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचं निधन झालं. त्यांच्या डॉक्टरांनी स्लीप अ‍ॅप्नियाचा उल्लेख केला, तेव्हा हा शब्द अनेक मराठी घरांत पहिल्यांदा ऐकला गेला.

मावळात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून आपल्या दारातून जातो. उपचार न घेतलेल्या स्लीप अ‍ॅप्नियाच्या चालकांना अपघाताचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो. गाडी चालवताना डुलकी लागत असेल तर आधी तपासणी, मगच स्टिअरिंग.

या इतिहासातून तुमच्या कामाचं काय?

*मिशी किंवा दाढी असेल* तर नाक झाकणाऱ्या मास्कची कडा केसांवर बसते आणि हवा गळते. मिशी काढायची गरज नाही. नाकपुड्यांना टेकणाऱ्या उशांचा मास्क वापरून पाहा.

*तोंड कोरडं पडतं* याचा अर्थ बहुधा तोंडावाटे हवा निसटते आहे. नाक चोंदलेलं असेल तर आधी त्यावर उपचार घ्या. तरीही तोंड उघडत असेल तर नाक-तोंड झाकणारा मास्क आणि ह्युमिडिफायर यांचा विचार होतो.

*गुदमरल्यासारखं होतं* त्यांनी पहिले काही दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसावं. दाब हळूहळू वाढवण्याची आणि श्वास सोडताना तो थोडा कमी करण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते. ती चालू करून घ्या.

*मास्क निवडताना* दुकानात बसून तपासू नका. आडवे व्हा, मशीन नेहमीच्या दाबावर चालू करा, कुशीवर वळा, मग ठरवा. लहान, मध्यम, मोठा यांतलं माप चुकलं तर महागडा मास्कही गळतो. झोपण्यापूर्वी चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावू नका, आणि मास्क रोज सौम्य साबणाने धुवा.

*मास्कवरची बारीक छिद्रं* मुद्दाम ठेवलेली असतात. तुम्ही सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. आवाज येतो म्हणून ती कधीही बुजवू नका.

*पेसमेकर असेल* तर चुंबकाच्या क्लिपा असलेला मास्क वापरू नका. घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

*लोहगडवाडीसारख्या गडाच्या पायथ्याच्या गावात* पावसाळ्यात दोन अडचणी येतात. पहिली, गारठ्यात नळीत पाणी जमतं आणि मास्कमध्ये गुडगुड आवाज येतो. नळी चादरीखाली ठेवा, ह्युमिडिफायरची उष्णता एक घर कमी करून पाहा, आणि मशीन डोक्यापेक्षा वर ठेवू नका. खाली अंथरुणावर झोपत असाल तर मशीनही खालीच, पण धूळ नसलेल्या जागी ठेवा. दुसरी अडचण विजेची. ह्युमिडिफायरचा हीटर बंद असेल तर मशीनला छताच्या पंख्यापेक्षाही कमी वीज लागते, म्हणून घरचा इन्व्हर्टर रात्र काढू शकतो. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये, वीज गेली तर बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. ती धूळ किंवा पाणी अडकून चिकटलेली नाही ना, हे अधूनमधून पाहा.

*जुनं मशीन विकत घेताना* जपून. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतला आवाज कमी करणारा फोम झिजतो म्हणून जगभरातून लाखो मशीन परत मागवली. मॉडेल आणि क्रमांक तपासल्याशिवाय कुणाचं वापरलेलं मशीन घेऊ नका. दुसऱ्याच्या दाबावर लावलेलं मशीन तुमच्या घशाला पुरेलच असंही नाही.

लोणावळा परिसरात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "प्राणायामाने हे जाईल का?" २००९ साली ब्राझीलमधल्या एका छोट्या अभ्यासात जीभ आणि घशाच्या व्यायामांनी मध्यम अ‍ॅप्निया काही प्रमाणात कमी झाला. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू टाळणं यांनीही फरक पडतो. प्राणायाम आवडीने करा. पण तीव्र आजारात तो मास्कच्या जागी चालणार नाही. मशीन बंद करायचं का, हे पुन्हा झोपेची तपासणी करूनच ठरवा.

गळ्यातल्या भोकापासून गोंदाने चिकटवलेल्या मास्कपर्यंत आणि तिथून बोटभर उशांपर्यंत हा प्रवास झाला, कारण रुग्णांनी 'टोचतं' असं सांगितलं आणि कुणीतरी ते ऐकलं. मशीन कपाटावर ठेवण्याआधी तुम्हीही नेमकं कुठे, कधी आणि काय होतं ते लिहून आणा. पुढच्या भेटीला मशीन, मास्क आणि नळी पिशवीत घालून सोबत घ्या. 'जमत नाही' एवढ्यावरून डॉक्टरला फार काही करता येत नाही. 'डाव्या कुशीवर वळलो की उजव्या डोळ्यात हवा जाते' असं सांगितलंत, तर त्यावर बहुतेक वेळा उपाय सापडतो.